पियानोचा क्लास लावताय? पहिल्या वर्षात काय होतं, ते आधी समजून घेऊ या



जून महिना आला की शाळेच्या फाटकापाशी पालकांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, "मॅडम, वह्या किती आणायच्या?" आणि दुसरा, "मॅडम, याला एखादा क्लास लावायचाय, कोणता लावू?" आमची शाळा स्वारगेटच्या जवळ. एसटीत नोकरी करणारे, मार्केट यार्डात गाळ्यावर काम करणारे, बँकेत असणारे, घरून डबे करून देणारे असे सगळ्या प्रकारचे पालक आमच्याकडे आहेत. पूर्वी या दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं ठरलेली असायची : चित्रकला, अबॅकस, कराटे, तबला. अलीकडे त्यात पियानो आणि कीबोर्डची भर पडली आहे. एका बाबांनी तर अगदी हळू आवाजात विचारलं, "मॅडम, पियानो आपल्यासारख्यांच्या पोरांसाठी असतो का हो? की उगाच पैसे घालवायचे?"

प्रश्न प्रामाणिक आहे. त्यामुळे त्याचं उत्तरही नीट द्यायला हवं.

मी संगीत शिक्षिका नाही. डीएड करून पहिली-दुसरीला शिकवणारी साधी प्राथमिक शिक्षिका आहे. लहानपणी पेटीच्या दोन परीक्षा दिल्या होत्या, एवढीच माझी पुंजी. पण गेलं दीड वर्ष दर शनिवारी मी भाचीला पियानोच्या क्लासला घेऊन जाते. तिचे सर बसू देतात, म्हणून कोपऱ्यात बसून ऐकते. तिथं बसल्या बसल्या एक गोष्ट पक्की लक्षात आली. पियानोचं पहिलं वर्ष आणि इयत्ता पहिलीचं वर्ष यांत फारसा फरक नाही. पहिलीत मूल जूनमध्ये येतं आणि दिवाळीपर्यंत आपण त्याच्याकडून गोष्टीचं पुस्तक वाचून घेण्याची अपेक्षा करत नाही. रेघा, वळणं, अक्षरं, मग शब्द, हे आपल्याला माहीत असतं. पियानोच्या बाबतीत मात्र तिसऱ्याच महिन्यात आपण विचारतो, "एखादं गाणं वाजवून दाखव की!" तिथूनच मुलाचं मन उतरायला लागतं.

म्हणून हा लेख. पहिल्या वर्षात नेमकं काय होतं, घरी काय करायचं आणि पैसे कशावर खर्च करायचे, हे एकेक करून पाहू.

पियानो आपल्याला खरंच परका आहे का?

भजनी मंडळातल्या कुणालाही विचारा, "बुवा, तुमची पट्टी कोणती?" बुवा सांगतील, "काळी चार" किंवा "पांढरी एक". ही नावं कुठून आली? पेटीच्या पट्ट्यांवरून. आणि पेटीच्या पट्ट्यांची मांडणी हुबेहूब पियानोची आहे. सात पांढऱ्या, पाच काळ्या, मग पुन्हा तेच. आपली पांढरी एक म्हणजे पियानोवाल्यांचा सी. काळी एक म्हणजे सी शार्प. पांढरी चार म्हणजे एफ. काळी पाच म्हणजे ए शार्प. म्हणजे अर्धी ओळख तर आधीच झालेली आहे!

पियानो तयार केला इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात, बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिराने, साधारण इ.स. १७०० च्या सुमारास. पेटी युरोपातून आपल्याकडे आली ती १९ व्या शतकात. आपल्या लोकांनी तिला जमिनीवर बसून वाजवता येईल अशी केली आणि ती भजनात, कीर्तनात, नाटकात शिरली. १९११ सालच्या 'संगीत मानापमान' नाटकाच्या चाली ज्यांनी दिल्या, ते गोविंदराव टेंबे स्वतः नावाजलेले पेटीवादक होते. एके काळी परकं असलेलं वाद्य आज आपल्याला किती घरचं वाटतं, बघा.

मग पेटी येणाऱ्या मुलाला पियानो लगेच येईल का? थोडा फायदा होतो, पण चार फरक समजून घ्यावे लागतात.

१. पेटीत भात्याची हवा आवाज देते. पट्टी दाबून ठेवली आणि भाता चालू ठेवला की सूर चालू राहतो. पियानोत पट्टी दाबली की आतली लहानशी हातोडी तारेवर आपटते आणि लगेच मागे येते. सूर उमटतो आणि हळूहळू विरत जातो. आवाज लहान की मोठा, हे बोट किती वेगाने खाली जातं त्यावर ठरतं. 'पियानो' म्हणजे हळू आणि 'फोर्टे' म्हणजे जोरात, या दोन इटालियन शब्दांवरून तर वाद्याचं नाव पडलं आहे.

२. पेटीवर डावा हात भात्यावर असतो. पियानोवर दोन्ही हात पट्ट्यांवर आणि दोघांचं काम वेगळं. एका हाताने 'अ' गिरवताना दुसऱ्या हाताने गोल काढून बघा, म्हणजे मुलाची काय कसरत होते ते कळेल.

३. आपल्याकडे मूल गुरूंचं ऐकून वाजवतं. पियानोच्या क्लासमध्ये ते पहिल्या महिन्यापासून कागदावरचं वाचून वाजवायला शिकतं. अर्थात संगीत लिहून ठेवणं आपल्यालाही नवं नाही. विष्णू दिगंबर पलुसकर आणि विष्णू नारायण भातखंडे या दोघांनीही आपल्या संगीतासाठी स्वरलिपी तयार केल्या. पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्यांचे शिष्य विनायकराव पटवर्धन यांनी १९३२ मध्ये आपल्या पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. वर्गात बसून, अभ्यासक्रमानुसार संगीत शिकण्याची सवय पुण्याला तेव्हापासूनची आहे.

४. आपला 'सा' हलतो, त्यांचा 'सी' हलत नाही. गायक काळी चारमध्ये गात असेल तर काळी चार हाच त्याचा सा. पियानोवर सी हा कायम सीच राहतो. पेटी शिकलेली मुलं इथं गोंधळतात. त्यांना एवढंच सांगायचं : "सा हे वर्गातल्या मॉनिटरसारखं पद आहे, आज एकाकडे, उद्या दुसऱ्याकडे. सी हे त्या पट्टीचं नाव आहे, ते बदलत नाही."

नोटेशन वाचता येण्याचा उपयोग किती मोठा, हे पाहायचं तर गोव्याकडे बघा. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या शाळांमधून मुलांना पाश्चात्त्य संगीत वाचायला शिकवत. त्या परंपरेतले कितीतरी वादक पुढे मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीत आले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा ही त्यातली गाजलेली नावं. संगीतकाराने चाल सांगायची आणि यांनी वाद्यवृंदातल्या प्रत्येकाने काय वाजवायचं ते कागदावर उतरवायचं. ज्याला ते वाचता-लिहिता येत होतं, त्याच्या हाताला काम होतं. तेव्हा 'आपल्यासारख्यांसाठी असतो का' याचं उत्तर : जो रोज थोडा वेळ बसेल, त्याच्यासाठी असतो.

कोणत्या वयात सुरू करायचं?

वयापेक्षा तयारी बघा. पालकांना मी चार गोष्टी तपासायला सांगते.

• डावा हात, उजवा हात न चुकता ओळखतो का?
• एका जागी १०-१५ मिनिटं बसून एखादं काम पूर्ण करतो का? (टीव्ही किंवा मोबाईल बघत बसणं यात धरायचं नाही.)
• टाळ्या वाजवत एका लयीत १ ते ८ म्हणता येतं का?
• शर्टाची बटणं स्वतः लावतो का? बोटांची ताकद आणि नेमकेपणा यातून कळतो.

बहुतेक मुलांचं हे सगळं सहा-सात वर्षांच्या आसपास जुळून येतं. एखाद्याचं आठव्या वर्षी येईल. उशीर झाला म्हणून काही बिघडत नाही, कारण वाचन पक्कं झालेलं मूल नोटेशनही लवकर उचलतं. चार वर्षांच्या मुलाला घाईने बसवण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. त्या वयात गाणी म्हणणं, नाचणं, डबे बडवणं हाच खरा संगीताचा अभ्यास.

आणि एक गोष्ट मुलालाही विचारा. "तुला शिकायचंय का?" एवढं विचारून उत्तराची वाट बघा.

शिक्षक कसे निवडायचे?

पहिला निकष अंतराचा. स्वारगेट चौकात संध्याकाळी सहाला काय परिस्थिती असते, हे मी पुणेकरांना सांगायला नको. अर्ध्या तासाच्या क्लाससाठी जाऊन-येऊन दीड तास जात असेल तर मूल तिथं दमूनच पोहोचतं. चालत जाता येईल किंवा एका बसमध्ये पोहोचता येईल असे शिक्षक आधी शोधा. लांबचे नामांकित शिक्षक मूल मोठं झाल्यावरही मिळतील.

एकट्याची शिकवणी की गटाची? पियानोत प्रत्येकाच्या हाताची ठेवण वेगळी असते, म्हणून एकट्याची शिकवणी जास्त उपयोगी. फी अर्थातच जास्त असते. दोन-तीन मुलांचा लहान गट असेल तरी चालतं, पण तासात आपल्या मुलाचे हात प्रत्यक्ष वाद्यावर किती मिनिटं असतात, ते विचारा. लहान मुलांसाठी आठवड्यातून एकदा ३० मिनिटं पुरतात.

पहिल्या भेटीत हे प्रश्न मोकळेपणाने विचारा. चांगल्या शिक्षकाला त्यांचा राग येत नाही.

• फी महिन्याची की तासाची? कधी द्यायची?
• आमच्याकडून तास बुडाला तर काय? तुमच्याकडून बुडाला तर काय? गणपतीत, दिवाळीत, मे महिन्यात सुट्टी कशी धरता?
• पुस्तक कोणतं वापरता? नोटेशन वाचायला शिकवता की नुसतं बघून वाजवायला?
• घरी रोज किती वेळ बसायचं, आणि काय करायचं ते वहीत लिहून देता का?
• एक-दोन तास करून बघून मग ठरवलं तर चालेल का?
• तासाला आम्ही बसलो तर चालेल का?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. खाजगी शिकवणी बहुधा कुणाच्या तरी घरात, बंद खोलीत आणि एकास एक अशी असते. शाळेत आपण मुलांच्या सुरक्षिततेबद्दल जेवढे जागरूक असतो, तेवढंच इथंही असायला हवं. पियानो शिकवताना मनगट, बोटं, खांदे नीट ठेवायला शिक्षकांना हात लावावा लागतो. त्यात गैर काही नाही. पण ते आधी सांगून, पालकांसमोर किंवा दार उघडं ठेवून व्हावं. लहान मुलाच्या तासाला पालकांना बसायला कायमची मनाई असेल तर तो क्लास लावू नका. शिक्षक कितीही मोठे असोत. मुलालाही घरी स्पष्ट सांगून ठेवा, "तुला काही आवडलं नाही, विचित्र वाटलं, तर मला सांगायचं. मी रागावणार नाही."

वाद्य कोणतं घ्यायचं?

शिक्षकांशी बोलण्याआधी वाद्य विकत घेऊ नका. आधी क्लास ठरवा, मग दुकानात जा. ढोबळमानाने तीन पर्याय असतात.

*कीबोर्ड :* बहुतेक ६१ पट्ट्यांचा. हलका, उचलून नेता येतो. पट्ट्या स्प्रिंगच्या, म्हणून बोटाला जोर लागत नाही. घ्यायचाच असेल तर जोरात दाबलं की मोठा आणि हळू दाबलं की लहान आवाज येतो ना, एवढं दुकानात स्वतः दाबून बघा. येत नसेल तर तो घेऊ नका. सुरुवातीचे सहा-आठ महिने अशा कीबोर्डवर निघतात.

*डिजिटल पियानो :* ८८ पट्ट्यांचा, त्यात ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या. पट्ट्या वजनदार असतात, त्यामुळे खऱ्या पियानोसारखी बोटांना ताकद लावावी लागते. किंमत साध्या कीबोर्डच्या साधारण तिप्पट-चौपट. मूल वर्षभर टिकलं, पुढं शिकायचं ठरलं, तर हा घेणं योग्य. हेडफोन लावता येतो, त्यामुळे दोन खोल्यांच्या घरातही शेजाऱ्यांना आणि आजीच्या मालिकेला त्रास होत नाही. फक्त हेडफोनचा आवाज कमी ठेवा.

*तारांचा पियानो :* आत सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात. त्या सुरात राहाव्यात म्हणून वर्षातून एक-दोनदा जाणकाराकडून लावून घ्याव्या लागतात. पावसाळ्यातल्या दमट हवेने लाकूड फुगतं आणि सूर उतरतो-चढतो. सुरुवातीला याची अजिबात गरज नाही.

वाद्याइतकीच बैठक महत्त्वाची. पलंगावर कीबोर्ड ठेवून मूल मांडी घालून वाजवत असेल तर मनगटं वाकतात. कोपर पट्ट्यांच्या पातळीत यायला हवं. पाय जमिनीला टेकत नसतील तर खाली पाट किंवा लहान स्टूल ठेवा. लटकत्या पायांनी मूल लवकर थकतं, हे आपण वर्गातल्या बाकांवर रोज बघतोच. आणि हो, नखं कापलेली हवीत.

पहिल्या वर्षात काय काय होतं?

प्रत्येक शिक्षकाची पद्धत थोडी वेगळी असते. पण क्रम साधारण असा असतो.

*पहिला महिना.* बसायचं कसं, हात कसा ठेवायचा. तळहातात लिंबू धरल्यासारखी बोटं गोल. बोटांना नंबर असतात : दोन्ही हातांचा अंगठा १ आणि करंगळी ५. मग पट्ट्यांची ओळख. काळ्या पट्ट्या दोन-दोनच्या आणि तीन-तीनच्या गटात असतात, त्यात दोनच्या गटाच्या लगेच डावीकडची पांढरी म्हणजे सी. पियानोच्या मधोमध असणाऱ्या सीला मिडल सी म्हणतात. मूल घरी येऊन एकच पट्टी टण्‌टण्‌ वाजवेल. वाजवू द्या. हा 'अ आ इ ई'चा महिना आहे.

*दुसरा-तिसरा महिना.* पाच रेघांवरचं नोटेशन सुरू होतं. उजव्या हातासाठी ट्रेबल क्लेफ, डाव्यासाठी बेस क्लेफ, म्हणजे दोन लिपी एकदम शिकल्यासारखंच. तीन सुरांच्या, पाच सुरांच्या लहान लहान धुना. बहुतेक वेळा एकच हात. इथं मुलाचा वेग मंदावतो, कारण ते डोळ्यांनी वाचतं, मनात पट्टी शोधतं आणि मग बोट हलवतं. पहिलीतलं मूल 'क... म... ळ... कमळ' असं वाचतं, अगदी तसं. त्या वेळी आपण मागून 'अरे कमळ!' असं ओरडत नाही ना? इथंही ओरडायचं नाही.

*चौथा ते सहावा महिना.* दोन्ही हात आलटून पालटून, मग हळूहळू एकत्र. हे सगळ्यात अवघड वळण. काल एका हाताने सुरेख वाजवलेली धून दोन्ही हातांनी वाजवताना मोडून पडते. मूल म्हणतं, "मला येतच नाही." पालकांना वाटतं, मागे गेला. मागे गेलेला नसतो. डोक्यावरचा भार एकदम दुप्पट झालेला असतो.

*सातवा ते बारावा महिना.* थोडे लांब तुकडे, हळू-जोरात वाजवणं, एखादी सोपी सरगम, दोन-तीन सूर एकत्र दाबून येणारी कॉर्ड. वर्षाच्या शेवटी चार-पाच छोटे तुकडे न अडखळता वाजवता आले आणि एखादा नवा सोपा तुकडा स्वतः वाचून उलगडता आला, तर वर्ष उत्तम गेलं असं समजा. सिनेमातलं गाणं दोन्ही हातांनी धडाधड वाजवणं या वर्षाच्या अपेक्षेत बसत नाही.

खरा क्लास घरी असतो

आठवड्यात १६८ तास असतात. त्यातला अर्धा तास मूल शिक्षकांकडे असतं. बाकीचे साडेएकशे सदुसष्ट तास आपल्याकडे! शिक्षक वाट दाखवतात, चालायचं घरी असतं. म्हणून पालकांना संगीत येत नसलं तरी त्यांचं काम फार मोठं आहे.

• *वेळ ठरवा.* रोज १० ते १५ मिनिटं, एकाच वेळी. दुपारच्या सत्राची शाळा असेल तर सकाळी आंघोळीनंतर, सकाळची असेल तर संध्याकाळी खेळून आल्यावर. रविवारी सलग दीड तास बसवणं म्हणजे आठवड्याचं जेवण एकाच दिवशी वाढणं.

• *वाद्य समोर ठेवा.* खोक्यात भरून कपाटावर ठेवलेला कीबोर्ड रोज कोण काढणार? फडकं टाकून ठेवा, पण जोडलेला असू द्या.

• *तुकडे पाडा.* पूर्ण धून दहा वेळा वाजवण्यापेक्षा अडणाऱ्या दोन ओळी घ्या. आधी टाळीने लय, मग एक हात, मग दुसरा हात, मग दोन्ही आणि तेही हळू.

• *चिंचोक्यांचा खेळ.* वाद्याच्या डाव्या बाजूला तीन चिंचोके ठेवायचे. एकदा बरोबर वाजलं की एक उजवीकडे. चुकलं की तिन्ही परत डावीकडे. तिन्ही उजवीकडे गेले की तो तुकडा आजच्यापुरता झाला. मूल स्वतःच वेग कमी करतं, आपल्याला 'हळू वाजव' म्हणावं लागत नाही.

• *जवळ बसा, पण शिकवू नका.* भाजी निवडत बसलात तरी चालेल. मोबाईल मात्र बाजूला ठेवा.

• *प्रश्न बदला.* "कोणतं गाणं शिकलास?" याऐवजी "आज वहीत काय लिहून दिलंय? मला दाखव ना" असं म्हणा. "किती चुकतोस!" याऐवजी "ही दुसरी ओळ कालच्यापेक्षा सलग आली" असं नेमकं बोला.

• *पाहुण्यांसमोर हुकूम सोडू नका.* "चल, मामाला वाजवून दाखव" याने किती मुलांचा हिरमोड होतो! मुलाने स्वतःहून दाखवलं तर सगळ्यांनी शांतपणे ऐकायचं आणि टाळ्या वाजवायच्या.

कंटाळा आला तर?

येणारच. साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास, दोन्ही हात एकत्र आले की "मला नाही जायचं" हे वाक्य ऐकू येतं. लगेच क्लास बंद करू नका आणि जबरदस्तीही करू नका. आधी कारण शोधा. तुकडा फार अवघड आहे का? शाळेतल्या चाचण्या चालू आहेत का? शिक्षकांची भीती वाटते का? तसं असेल तर ते गंभीर आहे, लगेच लक्ष घाला. की क्लासच्या वेळेलाच खाली सगळी मुलं क्रिकेट खेळत असतात?

शिक्षकांना स्पष्ट सांगा. ते महिनाभर सोपे, आवडीचे तुकडे देऊ शकतात. शाळेची प्रार्थना एका बोटाने का होईना, कानाने शोधून वाजवायला सांगा. आपल्याला माहीत असलेली चाल स्वतःच्या बोटातून आली की मुलाचा चेहरा खुलतो.

घरात आधीच ठरवून ठेवा : "आपण एक वर्ष शिकू. एप्रिलमध्ये बसून ठरवू, पुढे जायचं की नाही." मुदत माहीत असली की मूल तग धरतं. आणि वर्षानंतर त्याने खरंच नको म्हटलं तर थांबू द्या. एवढे पैसे भरले, वाद्य घेतलं, हे ओझं सात वर्षांच्या जिवावर टाकू नका. त्याने वर्षभर ऐकलं, मोजलं, रोज एका जागी बसलं, ते कुठं जात नाही.

परीक्षा द्यायच्या का?

पियानोसाठी आपल्याकडे मुख्यतः दोन ब्रिटिश संस्थांच्या परीक्षा दिल्या जातात : एबीआरएसएम आणि ट्रिनिटी कॉलेज लंडन. दोन्हींत इनिशियल आणि मग ग्रेड १ ते ८ असे टप्पे आहेत. ट्रिनिटीच्या परीक्षेत १०० पैकी ६० गुणांना उत्तीर्ण धरतात, तर एबीआरएसएमच्या परीक्षेत १५० पैकी १०० गुणांना. पेटी शिकणाऱ्यांसाठी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद या परीक्षा आपल्या ओळखीच्या आहेतच.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. ग्रेड १ म्हणजे पहिलं वर्ष नव्हे. लहान मुलाला ग्रेड १ पर्यंत पोहोचायला दीड-दोन वर्षं लागली तर ते नेहमीचंच आहे. परीक्षेची फी वेगळी भरावी लागते, तीही कमी नसते, म्हणून आधी चौकशी करा. काही ठिकाणी वर्षभर परीक्षेचे तीनच तुकडे घोटून घेतात. प्रमाणपत्र मिळतं, पण चौथा तुकडा समोर ठेवला तर मुलाला वाचता येत नाही. पाठ केलेली कविता धडाधड म्हणणारं आणि नवीन परिच्छेद न वाचता येणारं मूल आपण शाळेत बघतो, तोच हा प्रकार. पहिल्या वर्षी परीक्षा नको, दुसऱ्या वर्षी शिक्षकांच्या सल्ल्याने ठरवा.

शिक्षक मित्रांनो, वर्गात आपण काय करू शकतो?

वर्गात पियानो शिकणारं एक जरी मूल असलं तरी सगळ्या वर्गाला फायदा होऊ शकतो.

अपूर्णांक शिकवताना नोटेशनमधली चिन्हं फळ्यावर काढा. पूर्ण नोट चार मात्रांची, अर्धी दोन मात्रांची, पाव नोट एका मात्रेची. चार पाव नोटा म्हणजे एक पूर्ण नोट. मुलांचे चार गट करा. एका गटाने 'आऽऽऽ' असं चार मात्रा लांबवायचं, दुसऱ्याने दर दोन मात्रांना टाळी, तिसऱ्याने प्रत्येक मात्रेला चुटकी आणि चौथ्याने मात्रा मोजायच्या. अर्धा आणि पाव यांतला फरक मुलांना कानांनी कळतो. केरव्याच्या आठ मात्रा आणि दादऱ्याच्या सहा मात्रा टाळीवर घेऊन हाच खेळ पुढे नेता येतो.

परिपाठात त्या मुलाला बोलवायचं असेल तर आठ दिवस आधी विचारा आणि ते कितीही छोटं वाजवणार असलं तरी स्वीकारा. गॅदरिंगला 'मोठं गाणं बसव' असा आग्रह धरू नका. त्या एका गाण्यापायी दोन-दोन महिने त्याचा नेहमीचा अभ्यास बंद पडतो. आणि ज्यांच्या घरी वाद्य नाही अशा मुलांसाठी शाळेची पेटी मधल्या सुट्टीत उघडी ठेवता आली तर बघा. बऱ्याच शाळांत ती कपाटात धूळ खात असते. पट्ट्यांची मांडणी तीच आहे, सुरुवात तिच्यावरही होते.

शेवटी पालकांना एकच सांगते. पहिली सहामाही झाली की आपल्या मुलाची प्रगती गाण्यांच्या संख्येवर मोजू नका. तीन गोष्टी बघा : न सांगता वाद्यापाशी जाऊन बसतं का? चुकल्यावर थांबून स्वतःच पुन्हा करून बघतं का? टीव्हीवर, देवळात, रस्त्यावर काही वाजत असलं तर कान देऊन ऐकतं का? या तीनपैकी दोन गोष्टी होत असतील, तर तुमचे पैसे आणि शनिवारची संध्याकाळ दोन्ही सत्कारणी लागत आहेत.